देवळालीच्या खोक्यातलं इंजिन: नाशिकमध्ये जुनं मॉडेल दुरुस्त करताना काय काय लागलं

माळ्यावर, आजोबांच्या कपाटात किंवा जुन्या बाजारात एखादं मॉडेल रेल्वे इंजिन सापडलंय, ते चालत नाहीये आणि आता याचं करायचं काय हे कळत नाहीये, अशा कुणासाठी तरी हे लिहितेय. मी शोधलं तेव्हा मराठीत असं काही हाती लागलं नाही, इंग्रजीत ढीगभर होतं पण प्रत्येक दुसऱ्या ओळीला "जवळच्या हॉबी शॉपमध्ये जा" असं, आणि आमच्या जेल रोडवर तसलं दुकान कुठून आणायचं. मी बँकेत काम करते, मोटारीतलं मला काही कळत नव्हतं, सोल्डरिंगची कांडी शाळेनंतर हातात धरलेली नव्हती. तरी जमलं, आणि जमलं ते बहुतेक नाशिकमधल्याच माणसांमुळे, म्हणून सगळं क्रमाने सांगते, खर्चासकट.

जून २०२४ मध्ये देवळाली कॅम्पला लॅम रोडवरच्या एका जुन्या बंगल्यातलं सामान निघत होतं. तिथल्या पारशी आंटींची खाती आमच्या ब्रँचला, त्यामुळे ओळख जुनी. त्यांना मुलाकडे मुंबईला जायचं होतं आणि कपाटं रिकामी करायची होती. एक लाल-पिवळं खोकं त्यांनी माझ्यापुढे सरकवलं, म्हणाल्या माझ्या भावाने विलायतेहून आणलेलं, भंगारवाला वजनावर घेतो म्हणतोय, तुला पाहिजे तर घे दीकरी. पैसे विचारले तर हात झटकला, म्हणाल्या चाललं तर एकदा दाखवायला आण. आत एक काळं छोटं वाफेचं इंजिन, तीन डबे, गंजलेले रूळ आणि एक ट्रान्सफॉर्मर ज्याच्या वायरचं रबर हात लावला की भुगा होऊन पडत होतं.

पहिला आठवडा फक्त हे काय आहे ते ओळखण्यात गेला आणि तो वेळ वाया गेला असं अजिबात वाटत नाही. खोक्यावर ट्राय-अँग हॉर्नबी असं नाव होतं. हे एकच नाव बघून साल बऱ्यापैकी कळतं, कारण लाइन्स ब्रदर्स या ब्रिटिश खेळणी कंपनीच्या ट्राय-अँगने हॉर्नबी या दुसऱ्या ब्रँडचा रेल्वे धंदा घेतल्यावर १९६५ पासून हे जोडनाव चाललं, १९७१ ला लाइन्स ब्रदर्स बुडाली आणि १९७२ पासून नुसतं हॉर्नबी रेल्वेज झालं. म्हणजे माझं खोकं त्या सहा-सात वर्षांतलं. म्हणून खोकं फाटकं असलं तरी फेकू नका, कागद, पावती, सूचनापत्रक काहीच फेकू नका. इंजिनावर नंबर ४७६०६. हे इंग्लंडच्या एलएमएस रेल्वेचं थ्री-एफ जातीचं शंटिंग इंजिन, लाडाचं नाव जिंटी, सहा चाकं, पुढेमागे छोटी चाकं नाहीत. खरी इंजिनं १९२४ ते १९३१ मध्ये ४२२ बांधली होती. मॉडेल डबल-ओ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या साधारण ७६ पट लहान, पण ते ज्या १६.५ मिलीमीटर रुळावर चालतं तो रूळ ८७ पट लहान असलेल्या एचओ स्केलचा. इंग्लंडवाल्यांनी हा घोळ कधीच निस्तरला नाही. आपल्या ब्रॉडगेजच्या हिशोबाने तर हा रूळ अजूनच अरुंद, १६७६ मिलीमीटरला ८७ ने भागा, १९ च्या वर येतं. मला आधी वाटलेलं की हे असलं मोजमाप म्हणजे वेड लागलेल्या लोकांचं काम, आता मीही व्हर्नियर पर्समध्ये ठेवते.

महत्त्वाचं, जुनं इंजिन हातात आलं की लगेच करंट देऊन बघायचा मोह होतो, तो आवरा. आणि ते जुने ट्रान्सफॉर्मर तर प्लगला लावूच नका, आतली इन्सुलेशन मेलेली असते आणि तो थेट २३० व्होल्टचा मामला आहे. माझा मी शोभेला ठेवलाय, वायर कापून. आधी नुसतं बघायचं. ओतीव चासीला बारीक भेगा, फुगवटे आहेत का ते बघा, कारण त्या काळच्या जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं असेल तर तो आतून किडत जातो आणि त्याला औषध नाही. माझी चासी धडधाकट निघाली. बॉडी प्लास्टिकची, एका बाजूची पायरी मोडलेली, बाकी रंग मूळचा. चाकांना जोडणारे जे दांडे असतात त्यातली एक पिन गायब. आणि खाली सगळीकडे तपकिरी, चिकट, गोंदासारखं काहीतरी, ते म्हणजे पन्नासेक वर्षांपूर्वीचं तेल.

मोटर उघडी असते या इंजिनात, एक्स-झिरो-फोर म्हणतात तिला, आणि ती इतकी खपलेली आहे की तिच्याबद्दल माहिती भरपूर मिळते. मध्ये तीन ध्रुवांचं आर्मेचर, म्हणजे तार गुंडाळलेला फिरणारा भाग, एका टोकाला ठोकळ्यासारखं चुंबक, वर दोन कार्बन, म्हणजे ब्रश, आणि त्या दोन्हींना दाबून धरणारी एकच स्प्रिंग. मी ती घेऊन आधी एका वाइंडिंगच्या दुकानात गेले. त्यांनी दोन बोटांत धरून फिरवली, म्हणाले ताई हे आपल्याकडे होत नाही, नवीन घ्या, मिक्सरचं असतं तर करून दिलं असतं. नवीन म्हणजे कुठून घ्यायचं हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मग आठवलं की आमच्या सोसायटीतले एक काका एकलहऱ्याच्या ट्रॅक्शन मशीन वर्कशॉपमधून रिटायर झालेत. नाशिक रोडच्या बाहेर ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, हे मध्य रेल्वेचं वर्कशॉप, इलेक्ट्रिक इंजिनांच्या मोटारी इथे दुरुस्तीला येतात. काकांचं अख्खं आयुष्य त्यात गेलं. जुलैतल्या एका रविवारी, बाहेर धो धो पाऊस, मी डबीत मोटर घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, भिंग घेतलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अगं, ही तर आपलीच गं. डीसी मोटर. कॉम्युटेटर आहे, ब्रश आहेत. आमच्या टीएओ सहाशे एकोणसाठला काय वेगळं असतं?" टीएओ ६५९ म्हणजे डब्ल्यूएजी-५ मालगाडीच्या इंजिनाला असायची ती मोटर, ५८५ किलोवॅटची, आणि माझी ही जेमतेम पाच वॅटची. काकांना त्याचं काही नव्हतं. फरक त्यांनी एकच सांगितला, की त्यांच्या मोटारीत कायमचं चुंबक नसायचं, फील्ड कॉइल, म्हणजे करंट दिला की चुंबक होणारी तारेची गुंडाळी, असायची, त्यामुळे चुंबक उतरायची, म्हणजे त्याचा जोर कमी व्हायची, भानगड नव्हती, इथे मात्र चुंबक बाहेर काढून ठेवलंस तर उतरेल, म्हणून ते उगाच काढायचं नाही.

मग त्यांनी मल्टिमीटर काढला आणि मला जे शिकवलं ते इथे नीट लिहिते कारण यानेच सगळं सुटलं. कॉम्युटेटरला, म्हणजे आर्मेचरच्या ज्या भागावर कार्बन घासतात त्याला, तीन पट्ट्या असतात. पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-पहिली असे तीन रेझिस्टन्स मोजायचे. तिन्ही सारखे आले तर आर्मेचर ठीक. एखादा शून्याजवळ आला तर तिथे शॉर्ट. आणि दोन सारखे पण तिसरा बरोबर दुप्पट आला तर समजायचं की त्या दोन पट्ट्यांमधली कॉइल तुटलीय, कारण मीटर मग उरलेल्या दोन कॉइलींमधून वळसा घालून मोजतोय. माझं तिसरं आलं दुप्पट. मला वाटलं संपलं, आता केसाएवढी तार कोण गुंडाळणार. काका म्हणाले थांब, वाइंडिंग जळल्याचा वास नाही, काळं पडलेलं नाही, तार शक्यतो आत तुटत नाही, टोकाला तुटते. भिंगातून बघितलं तर खरंच, पट्टीच्या कानाला जिथे तार सोल्डर केलेली असते तिथे ती सुटून अर्धा मिलीमीटर बाजूला झालेली. त्यांनी टोकावरचं वार्निश ब्लेडने हळूच खरवडलं, बारीक टोकाच्या सोल्डरिंगच्या कांडीने एक टिपका दिला, परत मोजलं, तिन्ही सारखे. वाइंडिंगच्या दुकानाची काही चूक नाही, मोजायचं कसं हे माहीत असणारी माणसंच कमी होत चाललीयत. काका म्हणाले आता डब्ल्यूएजी-९, डब्ल्यूएपी-७ ही नवी इंजिनं सगळी थ्री-फेज, त्यांच्या मोटारींना ना कॉम्युटेटर ना कार्बन, नवीन पोरांना ब्रश बसवायला शिकवून करायचं काय.

साफसफाई मी घरी केली. आयसोप्रोपिल अल्कोहोल केमिकलच्या दुकानात मिळतं, मला अर्धा लिटर दोनशेच्या आसपास पडलं, कापसाच्या काडीने ते लावून जुनं तेल काढायचं, खिडकी उघडी ठेवून. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिकजवळसुद्धा आणू नका, बॉडी विरघळते. कॉम्युटेटरच्या पट्ट्यांमधल्या फटीत कार्बनची काळी भुकटी बसलेली असते, ती दात कोरायच्या लाकडी काडीने काढायची, सुईने नाही, सुईने ओरखडे पडतात. चाकं ॲक्सलवरून ओढून काढू नका. दोन्ही बाजूंच्या चाकांमध्ये पाव फेऱ्याचा फरक ठेवलेला असतो, तो एका जरी ॲक्सलचा हलला की दांडे अडकतात आणि इंजिन लंगडतं, आणि तो परत जुळवायला वेगळं साधन लागतं. तेल शिलाई मशीनचं, सुईच्या टोकावर मावेल एवढं, कॉम्युटेटरवर थेंबभरही नाही.

कार्बन झिजून संपलेले होते. काकांनी मिक्सरचे कार्बन घासून तात्पुरते बसवले आणि स्प्रिंगच्या एका पायावर वायरचं बारीक प्लास्टिक सोलून चढवलं, कारण तिथली मूळची नळी पडून गेली होती. ही नळी कुठल्याही परिस्थितीत पाहिजेच, दोनपैकी एक कार्बन चासीपासून वेगळा ठेवायचं काम ती करते, ती नसली की सरळ शॉर्ट. मग त्यांच्या बेंच सप्लायवर, म्हणजे व्होल्ट आणि करंट हवा तेवढा ठेवता येतो त्या डब्यावर, करंटची मर्यादा लावून, तीन व्होल्टपासून हळूहळू वाढवत नेलं. सातच्या आसपास मोटर गुरगुरली. फिरली. काकूंनी आतून विचारलं कसला वास येतोय. करंट मात्र ०.९ अँपिअर दाखवत होता, मोटर जोरात पळत होती पण बोट लावलं की थांबत होती आणि तापत होती. काका म्हणाले चुंबक उतरलंय.

म्हणजे आता हवं होतं चुंबक, कार्बन, स्प्रिंग, एक पिन आणि तिचा स्क्रू. स्क्रू आपल्याकडचे चालत नाहीत, त्या काळच्या ब्रिटिश मॉडेलांचे आटे मेट्रिक नसतात, बळेच फिरवलात तर ओतीव धातूतला आटा जातो. सुटे भाग एकेक घ्यायचे तर प्रत्येकाचं पोस्टेज वेगळं. त्यापेक्षा "चालत नाही, सुट्या भागांसाठी" असं लिहून विकायला ठेवलेलं अख्खं दुसरं जिंटी स्वस्त पडतं असं माझ्या लक्षात आलं. ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या एका विक्रेत्याकडून घेतलं, वस्तूचे १,४९० रुपये आणि पोस्टेज २,०३०. हो, पोस्टेज जास्त.

कस्टम्सचा भाग ज्यांना घाबरवतो त्यांच्यासाठी जरा सविस्तर. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का लागतो, आणि तो नियम १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळायच्या वस्तूंना आहे. आपलं मॉडेल मोठ्या माणसाच्या संग्रहासाठी असतं, पण पार्सलवर नुसतं "टॉय ट्रेन" लिहिलेलं असेल तर उघडणाऱ्याने काय समजायचं? म्हणून मी विक्रेत्याला आधीच विनंती केली होती की पार्सलवरच्या कस्टम्सच्या सीएन-२२ फॉर्मवर "वापरलेलं जुनं स्केल मॉडेल, नादुरुस्त, संग्राहकासाठी" असं स्पष्ट लिही, खरी किंमत लिही आणि इन्व्हॉइसची एक प्रत आतही टाक. "गिफ्ट" लिहायला सांगू नका, एक तर ते खोटं, आणि भेटवस्तूंची ड्युटीमाफी डिसेंबर २०१९ पासून राखीसारखे अपवाद सोडले तर बंदच झालीय. पार्सल भारतात आल्यावर तोच ट्रॅकिंग नंबर आपल्या पोस्टाच्या साइटवर चालतो. गणपती बसले त्याच आठवड्यात पार्सल कस्टम्सकडे असल्याचं दिसायला लागलं आणि गणपती गेले तरी तेच. मी दिवसातून किती वेळा ते पान उघडत होते ते सांगत नाही. मग पत्र आलं, इन्व्हॉइस, पैसे भरल्याचा पुरावा, ओळखपत्र आणि वस्तू कशासाठी याचा खुलासा द्या. मी एका पानात लिहिलं की ही पन्नास वर्षांहून जुनी, बंद पडलेली वस्तू आहे, सुट्या भागांसाठी घेतलीय, विकायची नाही, घरात लहान मूल नाही. सोबत विक्रेत्याच्या जाहिरातीचा आणि आंटींच्या इंजिनाचा फोटो जोडला. यातला फोटो जोडायचा सल्ला खास माझा, शब्दांपेक्षा मोडकं इंजिन दिसलं की पटतं. दसऱ्याच्या जरा आधी पोस्टमन दारात, १,४८० रुपये ड्युटीची पावती घेऊन. रोख सुटे ठेवा.

आलेल्या इंजिनाची बॉडी भयानक होती, कुणीतरी ब्रशने हिरवा रंग फासलेला, धुरांडं तुटलेलं. पण मोटर! चुंबक जोरकस, कार्बन अर्धे शिल्लक, स्प्रिंग ताठ. ती अख्खी मोटर साफ करून आंटींच्या चासीत बसवली, एका स्क्रूचं काम. पिनही त्यातलीच. बारा व्होल्टला ०.४ अँपिअर, थंड. चुंबक उलटं बसलेलं असलं तर इंजिन उलटं पळतं, म्हणून तपासायचं: इंजिनाच्या पुढच्या दिशेने बघत उजव्या हाताचा रूळ प्लस असेल तर इंजिन पुढे गेलं पाहिजे. गेलं. जुने लोखंडी रूळ मी वापरत नाही, आपल्या पावसात ते दर वर्षी गंजणार, निकेल सिल्व्हरचे नवे थोडे घेतले, ते महाग आहेत पण पर्याय नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीच्या गडबडीतच, आंटींना दाखवायला देवळालीला घेऊन गेले. बंगला जवळजवळ रिकामा झाला होता, जमिनीवरच रूळ मांडले. त्यांनी एकदा चालवलं, दोनदा चालवलं, मग भावाबद्दल नाही तर विलायतेच्या बोटीवरच्या जेवणाबद्दलच बोलत बसल्या. छान दुपार गेली.

आता इथे एक प्रश्न आला जो या छंदातल्या प्रत्येकाला येतो, मूळ रंग ठेवायचा की नवीन करायचा. आंटींच्या इंजिनाचे ओरखडे, पिवळट पडलेला नंबर, हे सगळं मी तसंच ठेवलं, फक्त साबणाच्या पाण्याने पुसलं आणि मोडकी पायरी बसवली. माझं मत विचाराल तर मूळ रंग सत्तर टक्के जरी शिल्लक असेल तर हात लावू नका, परत रंगवलेलं इंजिन चकचकीत दिसतं पण मग ते कुठलंही इंजिन असतं. आणि ते दुसरं हिरवं भूत मात्र मोकळं होतं, त्याच्यावर वाटेल ते शिकता येणार होतं. डिटेलिंग, म्हणजे बारीकसारीक भाग खऱ्यासारखे करणं, मी त्याच्यावर केलं.

रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवून मऊ झाला, जुन्या टूथब्रशने निघाला. त्या काळच्या मॉडेलांना हाताने धरायचे दांडे प्लास्टिकमध्येच उमटवलेले असतात, जाडजूड. ते ब्लेडने तासून काढायचे आणि त्या जागी खऱ्या तारेचे लावायचे, बहुतेक सगळा बदल तिथेच दिसतो. तार हवी ०.४५ मिलीमीटरची पितळी. हॉबीवाल्यांकडून परदेशातून मागवण्याऐवजी मी सराफ बाजारात गेले. एका कारागिराने पोलादी पट्टीच्या भोकांमधून माझ्यासमोर तार ओढून हवी तेवढी बारीक करून दिली आणि वर वीस रुपये घ्यायलाही का कू करत होता, त्याला कळेना की पितळेवर कुणी एवढी मेहनत कशाला घेतंय. बारीक चिमटे, कानशी, भोकं पाडायची अर्ध्या मिलीमीटरची पाती, हे सगळं सोनारांच्या अवजारांच्या दुकानांत मिळतं, आणि चांगलं मिळतं. तुम्ही भोकं हातानेच पाडा, पिन वाइसमध्ये, म्हणजे बोटांनी फिरवायच्या मुठीत, पातं धरून, मशीनने प्लास्टिक वितळतं. धुरांडं एका ओळखीच्या मुलाने अंबडला छोट्या लेथवर पितळेचं करून दिलं, लंच टायमात, म्हणून त्याचं बिल नाही, मिसळ झाली.

रंग मी मुद्दाम डिसेंबरपर्यंत थांबवला. पावसाळी हवेत स्प्रे मारला की वार्निश पांढरट पडतं, आणि आपल्या नाशिकच्या थंडीत हवा कोरडी असते पण सकाळी फार गार, म्हणून दुपारी बारा ते तीन गच्चीवर. आधी राखाडी प्रायमर, मग काळा, पण डब्यातला शुद्ध काळा नाही, त्यात थोडा राखाडी मिसळून, कारण एवढ्या लहान वस्तूवर शुद्ध काळा रंग डोळ्याला भोक पडल्यासारखा दिसतो आणि केलेलं डिटेलिंग काही दिसत नाही. अक्षरांचं मोठं कोडं होतं. पांढरी अक्षरं साध्या प्रिंटरवर छापता येत नाहीत. रेडियमवाल्याकडे गेले, त्याने गाड्यांच्या नंबरप्लेटच्या मशीनवर कापून बघितली, चार मिलीमीटरची अक्षरं सोलताना फाटत होती. शेवटी मेन रोडवरच्या एका जुन्या स्टेशनरीच्या दुकानात, मालकांनी वरच्या फळीवरून धूळ झटकत लेट्रासेटचे पांढरे कागद काढले. जुना स्टॉक, काही अक्षरं तडकली, पण घासून उतरतात अजून. नंबर मी ४७६०७ दिला, पहिल्याचा शेजारी.

मळवायचं काम सगळ्यात मजेचं. परदेशी लोक रंगीत पावडरींच्या डब्या विकत घेतात. मी गंजासाठी गेरू, राखेसाठी खरंच राख, आणि धुराच्या काजळीसाठी काजळी वापरली, मऊ ब्रशने थोडी थोडी, आणि वर मॅट वार्निश. बंकरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कोळशाच्या कप्प्यात, कोळसा इस्त्रीवाल्या दादांकडचा, कुटून चाळून, फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून चिकटवला. खरा इंजिनाचा कोळसा दगडी असतो, जास्त चमकतो, पण चालतं. डिसेंबरमध्येच पुण्याला गेले तेव्हा कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय परत बघितलं, १९९८ पासूनचं. आधी लहान असताना गाड्या बघितल्या होत्या, यावेळी मी रुळांच्या कडेची खडी आणि चाकांवरची धूळ बघत होते.

खर्चाचा हिशोब: पार्सल ड्युटीसकट पाच हजार, रूळ आणि एक साधा बेंच सप्लाय मिळून साडेपाच हजार, रंग-वार्निश-केमिकल बाराशेच्या आसपास, सोनारी अवजारं आठशे, लेट्रासेट साठ. काकांनी काहीच घेतलं नाही. तुम्हाला रूळ आणि सप्लाय उधार मिळाला तर निम्म्याहून थोड्या जास्तीत होईल. वेळ सगळ्यात जास्त गेला तो वाट बघण्यात, पार्सलची, पाऊस थांबायची, रंग वाळायची. घाई असेल त्यांनी या वाटेला येऊ नये.

जानेवारीत, संक्रांतीच्या सुमाराला, काकांनी एक नवीन टूम काढली. कसारा घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे एक मीटरच्या फळीचं एक टोक २७ मिलीमीटर उचललं की झाला घाट. फळीखाली दोन पासबुकं आणि एक वही. आंटींचं इंजिन एकटं एका डब्याला ओढतं, तीन डबे लावले की चाकं जागेवर फिरतात. "मग बँकर लाव की," काका म्हणाले, घाटात गाडीला मागून इंजिन लावतात तसं. मागून ४७६०७ लावलं, त्यात आता पहिल्याची जुनी मोटर बसवलीय, मिक्सरच्या कार्बनसकट. दोघांनी मिळून तीन डबे वर नेले. फक्त मागच्याचं चुंबक अजून तेच उतरलेलं, तिसऱ्या फेरीला बॉडीखालून गरम वास यायला लागला तसा काकांनी सप्लाय बंद केला. निओडिमियमची छोटी चुंबकं आणि मधे घालायला लोखंडी पट्ट्या वापरून ते दुरुस्त होतं असं वाचलंय, चुंबकं ऑनलाइन दीडशे रुपयांत मिळाली, पट्ट्या अंबडच्या त्याच मुलाकडून कापून घ्यायच्यात. मोटर उघडायला काका रविवारी येतायत, सकाळी, कारण दुपारी त्यांची मॅच आहे.